बाबांच्या कानाची लाइन

अपडेट हा शब्द कुणी काढला की माझं डोकं फिरतं. चालत्या मिक्सरला हात लावू नये, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण आहे. प्रोग्रामच्या दिवशी तर नाहीच नाही. आणि मला तो उद्योग नेमका प्रोग्रामच्या दिवशी करावा लागला, चामटोलीच्या मैदानात, माघी गणपतीच्या मांडवामागे. त्या दिवशी स्टेजवर माझे बाबा बसणार होते.

मी साउंडवाली आहे. बदलापूरला राहते. लग्नं, जयंत्या, शाळांची गॅदरिंग, भजनं, जे येईल ते करते. साउंडवाली आली म्हटलं की लोक आधी माझ्या मागे कुणी बाप्या उभा आहे का ते बघतात, मग मिक्सरकडे बघतात, आणि मग बेस वाढवायला सांगतात. सवय झाली आहे. डिजिटल मिक्सर घेतल्यापासून निदान गप्प तरी बसतात, कारण त्याचा पडदा बघून त्यांना वाटतं, हिला काहीतरी येत असावं.

बाबा भजनी बुवा आहेत. कोकणातून तरुणपणी आले, अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले, आणि सुटी मिळेल तेव्हा डबलबारी करत राहिले. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसतात, दोघांची पेटी वेगळी, पखवाज वेगळा, मागे कोरस वेगळा. एकाने आपली बारी म्हणायची आणि शेवटच्या गजरात समोरच्याला सवाल टाकायचा. दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचं उत्तर गाऊन द्यायचं आणि उलट सवाल करायचा. सगळं तिथल्या तिथे, ऐकलं की लगेच शब्द जुळवून. त्यामुळे बारीत गळा दुय्यम आणि कान पहिला. उत्तर चुकलं तर बुवा हरतो, पुढच्या वेळी वचपा काढतो. पण सवालच ऐकला नाही असं लोकांना कळलं तर तो बुवा संपला.

आणि बाबांना ऐकू येईनासं होत चाललं होतं. कारखान्यात प्रेसच्या शेजारी उभं राहून काढलेली वर्षं कानांनी वसूल केली. ते स्वतः म्हणायचे, ‘कान जरा बसलेत.’ जणू सर्दीने घसा बसावा तसे. डॉक्टरांनी दिलेलं मशीन घरात चालायचं, पण पेटी आणि टाळ सुरू झाले की त्यात शिट्ट्या वाजायच्या, म्हणून भजनाला ते खिशात जायचं. बाहेर कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि पखवाजवाल्या काकांना, जे बाबांचे कारखान्यापासूनचे सोबती. बहिऱ्या बुवाला सुपारी कोण देणार? आणि आई गेल्यावर बाबांकडे उरलं काय होतं, तर ही बारी. ती बंद झाली असती तर सकाळी उठायचं कशाला, हे त्यांना सांगता आलं नसतं आणि मलाही.

म्हणून मी त्यांच्यासाठी वेगळा मिक्स बनवला होता, फक्त त्यांच्या कानात जाणारा. संध्याकाळी घरातल्या हॉलमध्ये मिक्सर मांडायचा, बाबा कॉटवर, त्यांच्या एका कानात वायरचा इयरफोन, आणि मी एकेक आवाज चढवत-उतरवत विचारायचं, आता? आता? बारीक, टोकदार आवाज त्यांना नुसते टोचायचे, त्यातले शब्द कळायचे नाहीत. जाड आवाज घुमायचे. मधला एक अरुंद पट्टा तेवढा त्यांच्याकडे शिल्लक होता. मग टाळ पूर्ण काढले, पखवाज थोडा ठेवला, त्यांचा स्वतःचा आवाज थोडा, आणि समोरच्या बुवांचा माइक त्या मधल्या पट्ट्यात आणून बसवला. बरेच दिवस गेले त्यात. आम्ही भांडायचो पण खूप, कारण बाबांना धीर नाही आणि मला तो त्यांच्याकडूनच मिळालेला नाही. एका संध्याकाळी मी माइकवर काहीतरी बोलत होते, चहा ठेवू का असलंच काही, आणि बाबा एकदम आईच्या आठवणीने म्हणाले, “तुझो आवाज आवशीसारखो आसा गो.” मी मान खाली घालून तो मिक्स सेव्ह केला. त्याला नाव दिलं ‘बाबा’. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की नंतर स्वयंपाकघरात जाऊन मी रडले.

त्यानंतरच्या बाऱ्या निभावल्या. इयरफोनची वायर उपरण्याखालून पाठीवर जायची आणि कान उपरण्यात झाकलेला असायचा. थंडी असो नसो, बुवांना गार वारा सोसत नाही असं काकांनी सगळीकडे पसरवून ठेवलं होतं.

चामटोलीच्या दिवशी सकाळी सामान काढलं तर माझा स्टेजबॉक्स मेलेला. स्टेजबॉक्स म्हणजे स्टेजवर ठेवायची पेटी. सगळ्या माइकच्या वायरी तिच्यात लागतात आणि तिच्यातून एकच केबल मैदानाच्या टोकाला माझ्या मिक्सरपर्यंत येते. परत जाणारे आवाजही त्याच पेटीतून जातात, म्हणजे बाबांच्या कानाची लाइनसुद्धा. जुन्या पद्धतीचा जाडजूड वायरींचा दोर मी मोठ्या ऐटीत विकून टाकला होता. तेव्हा स्टेजबॉक्स नाही तर काहीच नाही.

उल्हासनगर गाठलं. तिथे सगळं मिळतं, आणि जे मिळत नाही ते ‘कल आ जाएगा दीदी’ या भावात मिळतं. ओळखीच्या सिंधी शेठने त्याच कंपनीचा, पण नवाकोरा स्टेजबॉक्स भाड्याने काढून दिला आणि मक्खन चालेल म्हणाला. मी टेम्पोत तो मांडीवर घेऊन बसले. अंबरनाथ, बदलापूर ओलांडून मैदानावर आले, जोडणी केली, आणि मिक्सरने त्याला ओळखच दिली नाही. पडद्यावर लाल फुली. केबल बदलली, परत लाल फुली. बंद करून चालू केलं, फुली तशीच.

शेठला फोन लावला. तो आधी जेवत होता. मग शांतपणे म्हणाला, “दीदी, आपका मिक्सर पुराने वर्जन पे है, बॉक्स नया है। मिक्सर को अपडेट मार दो, पहचान लेगा।” त्याच्या लेखी विषय संपला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दुसरा बॉक्स आणायला वेळ नव्हता. रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो म्हणून बारी संध्याकाळीच लावली होती, आणि ऊन कलायला लागलं होतं. मी मोबाइल डोक्यावर धरून मैदानभर फिरले तेव्हा कुठे नेट लागलं. फाइल उतरली. ती मिक्सरमध्ये घालायला पेनड्राइव्ह हवा, तो घरी. एकुलता एक पेनड्राइव्ह सापडला टेम्पोच्या डेकमध्ये, ड्रायव्हरच्या गाण्यांनी गच्च भरलेला, आणि तो आधी पूर्ण पुसावा लागणार होता. ड्रायव्हर चांगला पन्नाशीचा गृहस्थ, पण मी हे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची गाय मागितली होती. शेवटी दिला, आणि पाठ करून उभा राहिला.

तो शुक्रवार होता. आमच्या भागात शुक्रवारी लाइट जाते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, म्हणून मी मिक्सर जनरेटरवर घेतला. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर मिक्सरचा दगड होतो. पडद्यावर पट्टी सरकायला लागली आणि तिच्याखाली इंग्रजीत सूचना, यंत्र बंद करू नका. मी बघतच राहिले. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा जनरेटरवाला हातात कॅन हलवत आला. डिझेल भरायचं होतं, जरा बंद करतो म्हणाला. मी जनरेटरपुढे आडवी उभी राहिले. हात लावलात तर मी इथून हलणार नाही आणि तुम्हीही हलणार नाही, असं काहीतरी बोलले. आवाज चिरकला होता. बाई वेडी आहे असं ठरवून तो कॅनवर बसून विडी ओढायला लागला. मी त्याला हटकलंसुद्धा नाही. डिझेलच्या कॅनवर बसून विडी ओढणाऱ्या माणसापेक्षा मला त्या क्षणी वीज जाण्याची भीती जास्त होती, यावरून माझी अवस्था कळावी.

पट्टी भरली. मिक्सर बंद झाला, परत उठला. लाल फुलीच्या जागी हिरवी खूण आली आणि मी गणपतीच्या दिशेने हात जोडले. मग माझ्या सेटिंगची जुनी फाइल उघडली. सगळं जागच्या जागी दिसत होतं. नावं तीच, रंग तेच, ‘बाबा’ तिथेच. पण माइकमध्ये बोलले तर आवाज येईना. वरून घर तसंच होतं आणि आतली नळजोडणी कुणीतरी बदलून ठेवली होती. कुठल्या माइकचा आवाज कुठे न्यायचा आणि कुठल्या तोंडातून बाहेर काढायचा, हे माझं सगळं ठरवलेलं नव्या आवृत्तीने पुसून कंपनीच्या ठरीव पद्धतीवर आणून ठेवलं होतं.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मंडळं येऊन बसायला लागली होती. मी एकेक लाइन परत जोडत गेले. आधी मोठे स्पीकर, मग दोन्ही बुवांचे माइक, पेट्या, पखवाज, मग स्टेजवरचे मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेले छोटे स्पीकर. घामाने बोटं पडद्यावर घसरत होती. सगळ्यात शेवटी बाबांच्या कानाची लाइन. ती जोडली. मान वर करून बघते तर बाबा स्टेजवर पेटीसमोर बसलेले, उपरणं नीट केलेलं, इयरफोन कानात. काकांनीच वायर लावून दिली होती.

मी समोरच्या बुवांच्या माइकवर एकाला बोलायला सांगितलं. ‘बाबा’च्या पट्टीवर दिवे नाचले, म्हणजे आवाज जात होता. मी लांबून हात वर करून खुणेने विचारलं. बाबांनी इकडे पाहिलं, मान डोलावली, आणि अंगठा दाखवला. नेहमीसारखाच. मी स्टेजवर जाऊन स्वतः ऐकून पाहायला हवं होतं, हे कुणीही सांगेल. पण तेवढ्यात नारळ फुटला. आणि आमच्या धंद्यात ज्याच्या कानात आवाज पाठवतो, त्याचा अंगठा हाच पुरावा.

पहिली बारी समोरच्या बुवांची. हा माणूस बाबांच्याच वयाचा, खणखणीत. आयुष्यभर दोघांनी एकमेकांना स्टेजवर शिव्या सोडून सगळं ऐकवलं आहे आणि खाली उतरल्यावर एका ताटात जेवले आहेत. गजर चढला आणि त्यांनी सवाल टाकला, घरात पाणी ज्याच्या, तहान त्यालाच लागलेली, असा कोण तो सांगा बुवा. बोलताना त्यांचा हात बारवी धरणाच्या बाजूला, डोंगरांकडे गेला. मैदानातल्या सगळ्यांना कळलं. धरणाकाठच्या पाड्यांतली माणसंही समोर बसलेली होती, बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन कुठवर जातात ते सगळ्यांना ठाऊक. कोरसने सवाल परत परत घोळवला. सोपा सवाल होता, आणि बाबांच्या हातचा.

बाबांनी बारी सुरू केली. गळा छान लागला होता. गजरावर आले आणि उत्तर दिलं. त्यांनी डोंगरावर कडवं बांधलं. डोंगर ऊन खातो, वारा खातो, पण कुणापुढे वाकत नाही, असं काहीतरी. शब्द सुंदर होते. फक्त ते कुणी विचारलेलं नव्हतं. त्यांनी हात पाहिला होता, सवाल ऐकला नव्हता.

 मग मागून कुणीतरी हसलं, आणि लोकांनी ठरवून टाकलं की बुवांनी मुद्दाम बगल दिली. टाळ्याही पडल्या. समोरचे बुवा मात्र हसले नाहीत. ते बाबांकडे बघत राहिले.

 मी ‘बाबा’ची पट्टी वर केली. दिवे लालपर्यंत नाचत होते. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी त्या लाइनचं शेवटचं टोक उघडून पाहिलं. लाइन जात होती मिक्सरच्या स्वतःच्या मागच्या भोकात, जिथे काहीही लावलेलं नव्हतं. स्टेजबॉक्सच्या ज्या तोंडात बाबांची वायर होती, तिथे शून्य. दिवे नाचतात ते लाइन निघताना, पोचताना नाही. बाबा सुरुवातीपासून कानात शांतता घालून बसले होते.

आधी मला सुटल्यासारखं वाटलं. चूक सापडली म्हणजे संपलं. मग राग आला. ऐकूच येत नव्हतं तर अंगठा कशाला दाखवला? इतका कसला ताठा? खुणेने नाही म्हटलं असतं तर मी धावत आले असते. असं मनात बोलत मी लाइन वळवली आणि योग्य तोंडाला जोडली. समोरच्या बुवांची दुसरी बारी चालू होती. आता त्यांचा आवाज बाबांच्या कानात धो धो पडायला हवा होता. मी मान वर करून बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

शांततेतून एकदम आवाज आला की माणूस दचकतो. निदान पापणी हलते. बाबा पेटीवर बोटं ठेवून बसले होते आणि समोरच्या बुवांच्या तोंडाकडे बघत होते, जसे आधी बघत होते तसेच.

मी आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला, जिथे मी कधी नेला नव्हता तिथे. बाबा तालावर मान डोलावत होते, पण ताल ते काकांच्या हातावरून घेत होते. आता मला ते दिसलं. एकदा दिसल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. घरी हल्ली ते आधी माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. मागून हाक मारली तर वळायचे नाहीत, आणि मी म्हणायचे, लक्ष कुठे असतं तुमचं.

मिक्सर सोडून साउंडवाल्याने उठायचं नसतं. मी उठले. बाजूने स्टेजवर चढले, माइकचा स्टँड सरळ करायचं निमित्त करून बाबांच्या पुढ्यात गुडघे टेकले, उपरण्यात हात घातला आणि इयरफोन काढून माझ्या कानाला लावला. समोरच्या बुवांचा आवाज असा अंगावर आला की मी तो झटक्याने दूर धरला. डोळ्यांत पाणी आलं. आता वाटतं, ते नुसत्या आवाजाने आलं नव्हतं. लाइन बरोबर होती. मिक्सर बरोबर होता, स्टेजबॉक्स बरोबर होता, ज्या अपडेटला मी दुपारभर शिव्या घातल्या तोही बरोबर होता. मला वाटायला लागलं की काहीतरी अजून तुटलेलं सापडावं, एखादी वायर, एखादं बटण, काहीही, जे मी दुरुस्त करू शकेन.

बाबांनी माझ्या हातातून इयरफोन घेतला, परत कानात घातला, उपरणं ओढलं.

“आता बरोबर,” ते म्हणाले.

मागे सवाल पडला होता. समोरच्या बुवांनी विचारलं होतं, सगळ्यांच्या दारावरून जातं, कुणाच्या घरात राहत नाही, ते काय. कोरस तो घोळवत होता आणि गजर संपला की बाबांची पाळी होती. लोक पुढे सरकून बसले होते. डोंगराची बगल एकदा खपली, दुसऱ्यांदा खपली नसती. मी तिथेच बसून राहिले. बाबांच्या डोळ्यांसमोर तोंड नेलं आणि त्यांना सवाल सांगितला, घाईघाईने, भीतीने, अर्धे शब्द गिळत.

बाबांचे डोळे माझ्या ओठांवर होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नीट, आणि मी का बसले आहे हे त्यांना कळलं. इतक्या दिवसांचा तो अंगठा, ते मान डोलावणं, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून उतरलं. मला वाटलं, आता ते उठून जातील.

“हळू सांग गो,” बाबा म्हणाले.

मी परत सांगितलं. एकेक शब्द तोंड मोठं करून. माझ्या पाठीमागे टाळ-पखवाज इतके चढले होते की माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. बाबा माझ्या ओठांबरोबर ओठ हलवत होते. सांगून झालं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि पेटीचा भाता उघडला.